गाईचा व

एल साउसाल, कबोर्काजवळ
मे महिन्यातला शेवटचा रविवार

प्रिय रोसेंदो,

पत्र बघून घाबरू नकोस. घरात कुणाला काही झालेलं नाही. अजून तरी नाही. हाताशी फोन असताना आई पत्र कशाला लिहीत बसली, असं तुला वाटेल. पण आपलं घर तुला ठाऊक आहे. एका खोलीत शिंकलं की दुसऱ्या खोलीतून 'येशू पाठीशी' असं उत्तर येतं. मी फोनवर काहीही बोलले तरी तुझ्या बाबांना ते ऐकू जातं, आणि नाही गेलं तर 'काय म्हणत होता?' म्हणून विचारतात. मग मला खोटं बोलावं लागतं. या वयात खोटं बोलायचा कंटाळा येतो, आणि शनिवारी पाद्रीबाबांपुढे त्याची कबुली द्यायचा कंटाळा त्याहून जास्त. आज ते चेमाकडे डॉमिनो खेळायला गेलेत, तेवढ्यात लिहिते आहे. तुझ्या मेहिकालीला येणाऱ्या बसचा ड्रायव्हर ओळखीचा आहे, त्याच्या हातीच देईन. टपालाचा खर्च वाचला, आणि टपालाचा भरवसा धरायचं कामही वाचलं.

इथं ऊन सुरू झालंय. सकाळचे दहा वाजले नाहीत तोच अंगणातली माती तव्यासारखी तापते. कोंबड्या टाकीखालच्या ओल्यात पाय पसरून पडून असतात, अंड्यांचं नाव नाही. कूलर मी फक्त दुपारी लावते. विजेचं बिल बघून येणारा घाम उन्हाच्या घामापेक्षा वाईट. तू लावलेल्या लिंबाला यंदा फुलं आली होती, ती वाऱ्याने झडली. मोठ्या गव्हाच्या पोळ्या मी आता आठवड्यातून एकदाच करते, कोपरापर्यंत हात दुखून येतो. पण बाबांना डब्यात वाळवलेलं मांस आणि त्याच पोळ्या लागतात. दुकानातली पोळी दिली तर म्हणतात, 'त्रिनी, हा रुमाल कशाला बांधून दिलास?'

आणि गाय बरी आहे. हे मी आधी लिहायला हवं होतं, कारण तू फोनवर आधी तेच विचारतोस.

ते नाव तुझ्यामुळेच पडलं, आठवतं? जानेवारीत, तीन राजांच्या सणाला, तू सोनं शोधायचं ते मशीन बसने पाठवलंस, आणि खोकं घरी आलं त्याच संध्याकाळी तुझा फोन आला. सात वर्षांत पहिल्यांदा तू म्हणालास, 'आई, बाबांना दे.' मी पिठाचे हात तसेच घेऊन दारात उभी राहिले. बाबा फोन कानापासून हातभर लांब धरतात, त्यामुळे तुझं सगळं मला ऐकू येत होतं. तू म्हणालास, 'वेराल्दा आहे बाबा. अस्सल. गाईच्या व-ची.' ते म्हणाले, 'गाईच्या व-ची? मग दूध देईल म्हणायची.' आणि तुम्ही दोघं हसलात. सात वर्षांपूर्वी याच अंगणात तू त्यांना म्हणाला होतास, 'जन्मभर धूळ चाळलीत, आम्हाला काय खायला घातलंत, धूळच ना?' आणि ते तुला म्हणाले होते, 'तुझ्या हाताला माती लागायचीच नाही, जा.' त्यानंतर पहिल्यांदा तुम्ही एका वेळी हसलात. मी आत जाऊन पोळी उलटली. ती जळली होती. तीच मी खाल्ली.

आपल्या लोकांच्या तोंडात व आणि ब एकच. म्हणून तर शाळेत बाईंनी आम्हाला घोकून घेतलं होतं, हा गाईचा व आणि हा गाढवाचा ब. ऐकून कळायचं नाही, लिहिलं की कळेल. इथं सोनं शोधत हिंडणाऱ्या प्रत्येकाला वेराल्दा ठाऊक आहे. चर्चमधल्या मोठ्या झुंबराबद्दल बोलावं तसं लोक त्या मशीनबद्दल बोलतात, आपल्या घरात ते कधी लागणार नाही हे धरून. त्या संध्याकाळी फोन झाल्यावर मी खोकं कोपऱ्यात सरकवायला गेले. वर सोनेरी अक्षरांत नाव होतं. मी शाळा पुरी केलेली बाई आहे, रोसेंदो. पहिलं अक्षर गाढवाचं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या पुठ्ठ्याची खुराड्यात खाली घालायला पट्टी केली, अक्षरं खालच्या बाजूला. मशीनच्या दांड्यावरही तेच नाव होतं, ते मात्र मला कुठे नेऊन टाकता येईना. मग माग्दालेनाच्या जत्रेतून आणलेली निळी फीत काढली, तिथल्या संत फ्रान्सिसच्या आडव्या मूर्तीला डोक्यापासून पायापर्यंत लावून मापलेली, आणि ती मुठीपाशी बांधली. म्हटलं, मशीन कसंही असो, फीत तरी खरी आहे. सकाळी बघते तर फीत मुठीपाशी नव्हती. खाली येऊन नेमकी नावाच्या पहिल्या अक्षरावर घट्ट बसली होती. मला वाटलं, संतानेच सरकवली. हसू नकोस, मला खरंच तसं वाटलं.

तेव्हापासून ते रोज जातात. पहाटे कॉफी, डबा, पाण्याची बाटली, गळ्यात हेडफोन, खांद्यावर गाय. ओढ्यांच्या कोरड्या पात्रांतून दांड्याच्या टोकाची ती थाळी मातीवर डावीकडून उजवीकडे फिरवत चालायचं, दिवसभर. संध्याकाळी खिसे रिकामे करतात तेव्हा टेबलावर खिळे पडतात, काडतुसांच्या पुंगळ्या, बाटल्यांची झाकणं, सार्डिनच्या डब्याचे पत्रे, एकदा घोड्याची नाल. काळा दगड दिसला तरी ती हंबरते. सोन्याची ठिणगी एकही नाही. हे सगळं बाबा धुऊन रंगाच्या जुन्या डब्यात टाकतात आणि म्हणतात, 'हे शेण. आधी शेण येतं, दूध मागाहून.' बॅटऱ्या फार खाते. मी त्या हिशेबात 'गाईचा चारा' म्हणूनच मांडते, म्हणजे बाबांना हिशेब वाचून दाखवताना त्यांना हसू यावं.

ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत एकदा चेमा आला. तुझा धर्मपिता, त्यामुळे घरचाच, तुला माहीतच आहे तो किती गप्प बसू शकतो. अंगणात उभा राहून म्हणाला, 'पिफा, सहा आठवडे खिळे वेचतोयस. लोहारकी काढायची आहे का?' बाबा म्हणाले, 'जमीनच खोटी आहे तिकडची.' मग चेमा माझ्याकडे वळला. 'वहिनी, बोटातली अंगठी द्या बघू घटकाभर.' मी साबण लावून काढून दिली. त्याने ती बोटभर मातीखाली पुरली आणि आधी स्वतःचं वीस वर्षांचं चिकटपट्ट्या लावलेलं मशीन वरून फिरवलं. ते चिमणीसारखं चिवचिवलं. मग बाबांनी गाय फिरवली. एकदा, दोनदा. काही नाही. अगदी खाली आणून फिरवली तरी नाही. मी मनात संत फ्रान्सिसला म्हणत होते, एकदा हंबरू दे, हवं तर तुझी फीत म्हणून हंबरू दे.

चेमाने टोपी काढली आणि म्हणाला, 'पिफा, अरे हे—' पण त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत तुझे बाबा खाली वाकले, अंगठी काढली, शर्टाला पुसली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, 'त्रिनी, मला लग्नात सोनाराने फसवलं गं. पितळेची आहे ही.' चेमा म्हणाला, 'मग माझं मशीन कसं वाजलं?' बाबा म्हणाले, 'तुझं ते म्हातारं कुत्रं पितळेलाही भुंकतं. गाय जातिवंत आहे, ती सोन्यालाच हंबरते.' तेवढ्यात त्यांच्या हातातली थाळी खुराड्याच्या खिळ्यावरून गेली आणि गाय अशी किंचाळली की कोंबड्या उडाल्या. कुणी हसलं नाही. चेमाने टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

ती अंगठी दोनदा गहाण पडली होती, रोसेंदो. एकदा तुझ्या टायफॉइडला, एकदा छपरासाठी. दोन्ही वेळा गहाणवाल्याने भिंग लावून बघितली आणि मुकाट पैसे मोजले. पितळ त्याने ठेवून घेतलं असतं का? तुझ्या बाबांना हे माझ्याइतकंच ठाऊक आहे, सोडवायला तेच गेले होते. छत्तीस वर्षांत त्यांनी मला दिलेली सोन्याची वस्तू ती एवढीच, आणि भर अंगणात, चेमासमोर, त्यांनी ती खोटी ठरवली. मी म्हटलं, 'असेल.' मला राग यायला हवा होता. बहुतेक दमले होते. अंगठी पुन्हा बोटात घातली आणि बटाटे सोलायला बसले.

त्यानंतर पवित्र आठवड्यात मी घरातलं सगळं धुवायला काढलं, पडदे, वेदीवरची वस्त्रं, बाबांच्या टोप्या. ती फीतही धुळीने मातकट झाली होती, म्हणून सोडली. आता पुढचं लिहायच्या आधी तुला एक आठवण करून देते. तुझे बाबा शाळेत गेले ते जेमतेम एक पावसाळा. पुस्तक त्यांना वाचता येत नाही, पण लग्नाआधी बारा वर्षं त्यांनी गुरं राखली, आणि गुरांच्या पुठ्ठ्यावरच्या डागण्या ते धावत्या घोड्यावरून वाचायचे. ज्या मालकाकडे ते होते त्याची डागणी व होती. शेजारच्याची ब. डागणी बदलून दुसऱ्याचं जनावर आपलं करणारा एक जण त्यांनी पकडून दिला होता. तो त्यांचा लहानपणापासूनचा दोस्त होता. त्याच्या मयतीलाही ते गेले नाहीत. मी म्हटलं होतं, 'अहो, मेला तो आता.' तर म्हणाले, 'जनावराला बोलता येत नाही, त्रिनी. त्याच्या अंगावर जो खोटं लिहितो त्याला देवाने विचारावं, मी काय विचारू.'

फितीखाली ते अक्षर नव्हतं. गाढवाचा ब चाकूने खरवडून काढलेला होता, आणि त्या जागी तापल्या खिळ्याने प्लास्टिकवर व डागला होता. गाईचा. थोडा वाकडा, कडेला प्लास्टिक वितळून काळं पडलेलं. जवळ नाक नेलं तर अजून जळका वास येत होता, की मला तसं वाटलं.

म्हणजे फीत संताने सरकवली नव्हती. मी ती बांधली त्याच रात्री, मी झोपल्यावर, त्यांनी ते अक्षर बघितलं होतं. मी फीत धुतली. मग ती वाळवली आणि होती तिथेच, होती तशीच बांधली. गाठसुद्धा त्यांच्यासारखी, गुराख्याची मारली.

आता तुझ्याबद्दल. चेमाच्या मुलीने मला फोनवर एक फोटो दाखवला, तुझ्या दुकानाच्या उद्घाटनाचा. तू नवा शर्ट घातला आहेस आणि छान दिसतोस, पोट जरा सुटलंय. तुझ्या मागे भिंतीला लागून छतापर्यंत तीच सोनेरी अक्षरांची खोकी रचलेली आहेत. सगळी गाढवाची. पोरगी म्हणाली, 'काकू, रोसेंदो मोठा दुकानदार झाला.' मी म्हटलं, देवाची कृपा. मी तुला काही विचारत नाही. तिकडे घरभाडं आहे, मुलीची शाळा आहे, दुकानाचा खरा मालक दुसराच कुणी असेल. कदाचित तुझ्याकडे होतं त्यातलं तेच सगळ्यात चांगलं असेल. माझं एवढंच म्हणणं आहे की तू देताना जे म्हणालास ते तुझ्या बाबांनी खरं करून दाखवायचं ठरवलंय, आणि ते खरं होण्यासारखं नाही.

ईस्टर झाल्यावर सोनं शोधणाऱ्या बाकीच्यांनी त्यांना बरोबर न्यायचं सोडलं. वाईट मनाने नव्हे. गाय जवळ आली की त्यांची मशीनं वेडी होतात, कानात नुसती शिट्टी. चेमाच त्यांना म्हणाला, 'पिफा, तुझी गाय जरा लांब चार.' तेव्हापासून ते एकटे जातात, आणि दरवेळी आदल्या दिवसापेक्षा लांब. दोन आठवड्यांपूर्वी दुपारी ते परत आले नाहीत. चेमा गाडी घेऊन शोधायला गेला, तेव्हा ते एका झाडाला टेकून बसलेले सापडले, ओठ पांढरे, हेडफोन कानावर तसाच. बाटलीतलं पाणी संपून किती वेळ झाला हे त्यांना सांगता आलं नाही. दवाखान्यातली डॉक्टर नवी मुलगी आहे, पण स्पष्ट बोलली. 'आजोबा, तुमच्या मूत्रपिंडांनी राजीनामा लिहून ठेवलाय, फक्त सही बाकी आहे. पुढच्या वेळी तुम्हाला इथं आणायचे कष्टही कुणाला पडायचे नाहीत.' बाबांनी टोपी हातात धरून सगळं आदराने ऐकून घेतलं. गाडीत बसल्यावर म्हणाले, 'पोरगी गुणी आहे. पण सोन्यातलं तिला काय कळतं.'

मी रडून बघितलं. डबा न करून बघितला. तर उपाशी गेले. बॅटऱ्या पिठाच्या डब्यात लपवल्या. तर चेमाकडून उसन्या आणल्या. शेवटी परवा जेवताना मी सरळ विचारलं की तुम्हाला काय हवंय त्या ओढ्यांत, आपल्याला सोनं लागतंय कशाला आता. ते पोळीचा तुकडा मोडत राहिले. मग म्हणाले, 'रविवारी त्याचा फोन येतो. तो विचारतो, बाबा, गाय काय म्हणते? मी काय सांगू, घरी बांधून ठेवली?' थोड्या वेळाने म्हणाले, 'आधीची सात वर्षं तो काहीच विचारत नव्हता.'

तेवढं बोलून त्यांनी ताट बाजूला सारलं आणि खिळे धुवायला गेले.

येत्या शनिवारी ते डोंगरापलीकडे जाणार आहेत, जुन्या खाणीखालच्या ओढ्यांत. तीन दिवस, एकटे. तिथे पाणी नाही, फोन लागत नाही, आणि चेमाची गाडी त्या वाटेने जात नाही. पाण्याचे दोन कॅन भरून दाराशी आणून ठेवलेत. म्हणाले, 'तिकडची जमीन खरी आहे.' मी त्यांना सांगू शकते की मशीन नकली आहे, हे मला जानेवारीपासून ठाऊक आहे. पण मग त्यांना आश्चर्य वाटल्याचं सोंग करावं लागेल, आणि तुझ्या आईला तुझं काय काय ठाऊक आहे ते त्यांना कळेल. हे त्यांनी माझ्यापासून लपवलंय, मी त्यांच्यापासून, चेमा आम्हा दोघांपासून. चार माणसांनी मिळून एक गाढव सांभाळायचं, आणि त्यापायी एकाने मरायचं, हे देवाला आवडणार नाही असं मला वाटतं. त्यांना थांबवायचं माझ्या हातात असतं तर मी तुला त्रास दिला नसता. जो गाय म्हणून देऊन गेला त्यानेच ती परत न्यायला हवी.

म्हणून लिहिलं. आज संध्याकाळी तुझा फोन येईल तेव्हा हे पत्र बसमध्ये असेल, आणि तू नेहमीप्रमाणे गाईचं विचारशील. ते विचार, आज माझी हरकत नाही. पण पुढच्या रविवारची वाट बघू नकोस. शनिवारच्या आत एखाद्या साध्या दिवशी फोन कर आणि म्हण, 'बाबांना दे.' तुला आधीपासून ठाऊक होतं असं सांगायची गरज नाही. म्हण, मलाही फसवलं. ते खोटं माझ्या नावावर, शनिवारी मी कबुली देईन. आणि ते झाल्यावर फोन ठेवू नकोस, दुसरं काहीतरी विचार. लिंबाची फुलं का झडली ते विचार, गुरांना डागायला लोखंड किती लाल करायचं ते विचार. त्यावर ते तासभर बोलतील. फक्त एक लक्षात ठेव. 'बाबा, तो ब आहे,' एवढंच म्हणालास तर त्यांना व ऐकू येईल. त्यांना तोच ऐकायचाय. म्हणून तोंड उघडून, नीट, 'गाढवाचा' असं म्हण.

तुझीच,
आई